श्वासातल्या बुरशीशी समझोता
आपण रोज बुरशीचे शेकडो बीजाणू श्वासाबरोबर आत घेतो. त्यात ॲस्परजिलस हमखास असतो. तरी साधी शिंकही येत नाही! त्याच्या बीजाणूवर पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचा थर असतो. त्याखाली बीटा-ग्लुकन ही शर्करा झाकलेली राहते. ही लपवाछपवी २००९ मध्ये उघड झाली. फुप्फुसातल्या भक्षक पेशी बरेचसे बीजाणू गाजावाजा न करता गिळून टाकतात. पण एखादा फुगून रुजू लागला की थर सुटतो, पेशींवरचं डेक्टिन-१ हे प्रथिन ती शर्करा ओळखतं आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. मला हा संयम फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक बीजाणूमागे सूज आली असती, तर श्वास घेणंच अवघड झालं असतं. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत न्यूट्रोफिल घटले, तर मात्र हीच बुरशी तंतू पसरत रक्तवाहिन्यांत शिरते.