हळदीच्या मांडवातला साऊंडवाला

दुपारी २. भिवंडी-वाडा रस्त्यावर कामवारी ओलांडली की शेलार. टेम्पो मांडवाच्या दारात लागतो. आज हळद. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि दोन गायक. मांडवाच्या एका अंगाला गोदामाची पत्र्याची भिंत, म्हणजे आजची डोकेदुखी तीच.

२.३०. बॉक्स नंतर, आधी जनरेटरचं अर्थिंग. ते कच्चं असलं तर बेंजो रात्रभर घरघरतो आणि गायकाला माईकचा झटका बसतो.

३.३०. टॉपचे बॉक्स स्टँडवर, माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच, तोंड शेवटच्या रांगेकडे. पत्र्याकडे वळले तर प्रत्येक ठोका परत आदळतो. मांडव लांबलचक, म्हणून ३० मीटरवर आणखी दोन छोटे बॉक्स. पुढचा आवाज तिथवर पोचायला सुमारे ८७ मिलिसेकंद घेतो, तेवढाच उशीर मागच्या बॉक्सला द्यायचा. नाहीतर मागच्यांना शब्द दुहेरी ऐकू येतात.

५. साऊंड चेक. आधी ढोलकी, थाप आणि धुम वेगवेगळी. मग बेंजो. वाजवणाऱ्याला त्याचा मॉनिटर वाढवून हवा, मग कीबोर्डवाल्यालाही हवा. ही चढाओढ सुरू झाली की स्टेजच इतकं गरजतं, की समोरच्या मिक्सरला काही करायला उरत नाही. म्हणून मी एकाचं वाढवण्याऐवजी त्याच्या मॉनिटरमधून बाकीच्यांचं कमी करतो. मग टॅब्लेट घेऊन थेट मागे, आचाऱ्यांच्या चुलीपर्यंत. मिक्सरजवळ सगळंच छान वाटतं हो!

७. मांडव भरतो. रिकाम्या मांडवातला घुमारा माणसांनी शोषला, पण आवाजाची धारही गेली. ट्रेबल जरासा उघडतो.

७.३०. धवलारीण. बँडचे सगळे चॅनल बंद. दोघी बायका जन्मभर माईकविना धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायलेल्या. माईकजवळ येत नाहीत, आणि गेन वाढवला की माईक शिट्टी मारतो. म्हणून स्टेजचे मॉनिटर बंद, माईक त्यांच्या तोंडाशी सरकवायचा, खालचा बेस कापायचा. धवला हाच विधी. त्यातला शब्द हरवला तर बाकी रोषणाई फुकट.

८.१५. बँड सुरू. “दादूस, आवाज वाढव ना!” आवाज वाढवत नाही. कीबोर्ड आणि बेंजो थोडे खाली घेतो, गायक आपोआप वर येतो. मागणी तिथंच थांबते.

१०. बंद. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. त्याआधीही निवासी भागात हद्दीपाशी मर्यादा ६५ डेसिबलच्या आसपासच येते. जोरात वाजणाऱ्या बँडला ती पाळणं सोपं नाही, म्हणूनही बॉक्सची तोंडं माणसांकडे हवीत, शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे नकोत.

हळद ठेवणाऱ्यांना एक विनंती: ‘बॉक्स किती आणणार?’ हे नंतर विचारा. आधी संध्याकाळी दोन तास रिकामा मांडव द्या, आणि बँडला सातलाच बसवा.