आधी काय थरथरतं?

व्हायोलिनच्या तारेवर गज फिरत असताना आपल्या डोळ्यांना तारेच्या जागी एक फुगीर, धूसर पट्टा दिसतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी खास तयार केलेल्या सूक्ष्मदर्शकातून ही तार पाहिली, तेव्हा निराळंच दृश्य उलगडलं. तारेला बाक येत नाही. ती दोन सरळ रेषांत मोडते आणि त्या रेषांमधला कोपरा तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत राहतो. राळ लावलेले घोड्याच्या शेपटीचे केस तारेला पकडून ओढतात, धावत आलेला कोपरा तिला सोडवतो, केस तिला पुन्हा पकडतात. ऑर्केस्ट्रातली सगळी वाद्यं ज्या स्वराला जुळवतात, त्या ४४० हर्ट्झच्या स्वरात ही पकड आणि सुटका सेकंदाला ४४० वेळा होते!

सिंफनी ऑर्केस्ट्रात वाद्यांची चार घराणी मानतात. त्यांतलं सर्वांत मोठं हे तारांचं: व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बेस. शंभर वादकांच्या ताफ्यात साठेक जण याच घराण्यातले असतात. सोळा व्हायोलिन एकत्र वाजली, तरी आवाज सोळापट वाटत नाही. कानाला तो दुप्पट-अडीचपटच भासतो. मग इतके वादक कशाला? सोळा हातांचे स्वर केसभर मागेपुढे, वरखाली होतात आणि त्या सूक्ष्म फरकांतून एक झळाळी उमटते. एकटं व्हायोलिन कितीही गोड असलं, तरी ती झळाळी त्याला साधत नाही.

दुसऱ्या घराण्याला लाकडी वाद्यं म्हणतात, पण आजची बासरी बहुधा चांदीची किंवा इतर धातूची असते. या घराण्यात नळीपेक्षा श्वासाचं काय होतं याला महत्त्व आहे. बासरीत फुंक एका धारेवर आपटून दुभंगते. क्लॅरिनेटमध्ये बोरूची एक पातळ पत्ती थरथरते, तर ओबो आणि बसूनमध्ये दोन पत्त्या एकमेकींवर आपटतात. बासरी आणि क्लॅरिनेट जवळपास सारख्याच लांबीची, तरी क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर बासरीच्या खालच्या स्वरापेक्षा जवळजवळ एक सप्तक खाली जातो. बासरीची नळी दोन्ही टोकांना मोकळी असते. क्लॅरिनेटची नळी पत्तीच्या टोकाला बंद नळीसारखी वागते. त्यामुळे क्लॅरिनेटमध्ये ध्वनिलहरीला एक आवर्तन पुरं करायला दुप्पट अंतर कापावं लागतं.

पितळी घराण्यात पत्तीचं काम वादकाचे स्वतःचे ओठ करतात. फ्रेंच हॉर्नची वेटोळी सोडवली, तर नळी साडेतीन मीटरहून लांब भरते. अशा नळीतून मोजके स्वयंभू स्वरच निघतात. आपल्या तुतारीचंही तसंच. १८१८ साली हाइन्रिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. बोट दाबताच नळीला जास्तीचा तुकडा जोडला जाऊ लागला, आणि पुढे हॉर्नला व ट्रम्पेटला मधले सगळे स्वर गवसले.

चौथं घराणं आघाताचं. गोल चामड्यावर थाप पडली की उमटणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाचा नेमका स्वर सांगता येत नाही. टिंपनी मात्र सुरात बोलते. चामड्यालगतच्या हवेचा भार आणि कडेजवळचा आघात यांमुळे तिचे मुख्य उपस्वर २:३:४ या प्रमाणाच्या जवळ येतात. आपल्या तबल्यात हेच काम पुडीवरची शाई करते, आणि तेही अधिक अचूकपणे. हे शास्त्रीय पद्धतीने दाखवून देणारे सी. व्ही. रामन यांनी त्याविषयी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं.

ऑर्केस्ट्राची ही विभागणी मंचावर सोयीची आहे, पण जगभरची वाद्यं तिच्यात मावत नाहीत. आधी काय थरथरतं, या प्रश्नावर उभी असलेली विभागणी भरताच्या नाट्यशास्त्रात आहे: तार असेल तर तत, हवा असेल तर सुषिर, चामडं असेल तर अवनद्ध आणि वाद्याचं अंगच असेल तर घन. १८७६ साली कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट दिली. ती ज्या ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात गेली, त्याचे पहिले अभिरक्षक व्हिक्टर माहियों यांनी १८८० साली जी सूची छापली, तिची मांडणी भरताच्याच चार वर्गांशी जुळते. त्या मांडणीवर १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी आपली पद्धत उभारली, आणि जगभरची संग्रहालयं आजही ती वापरतात. तिच्यात ओबोशेजारी सोलापूरची सुंद्री बसते आणि सिंबल्सशेजारी वारकऱ्यांचे टाळ. विजेवरची वाद्यं आली, तेव्हा झाक्स यांनी पाचवा वर्ग जोडला. आधीचे चार मात्र जिथल्या तिथेच राहिले.