चावी बंद, तरी सॉकेट चालू



गेल्या महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या एका गटाचा फोन आला. आठवडी बाजार उरकला होता, उरलेला माल गाडीत भरला होता, आणि गाडी काही सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं कट्‌कट्. शेवटी बाजारातल्या पोरांनी ढकलून दिली, तेव्हा कुठे रात्री दहाला ताया घरी पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी दोघींच्या घरून एकच सूर, "आता बाजार-बिजार बंद."

कारण निघालं ते नवीन चार्जिंग सॉकेट. आठ दिवसांपूर्वी पोटाला चिमटा काढून बसवलेलं. कंपनीच्या सॉकेटला चावी फिरवली तरच वीज येते, म्हणून चावी काढली तरी चालू राहील असं दुसरं सॉकेट थेट बॅटरीवरून घेतलं होतं. वजनकाटा, मोबाईल, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा, अंधार पडल्यावर दिवा, हे सगळं आता धंद्याला लागतंच. त्यामुळे सॉकेट बसवलं ही चूक नाही. पण ते ज्या बॅटरीतून वीज घेतं, त्याच बॅटरीवर गाडी सुरू होते, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

आपल्याला कळणाऱ्या भाषेत सांगते. गाडीची बॅटरी म्हणजे गटाची बचत. इंजिन चालू असलं की भरणा होतो. गाडी उभी करून दिवे-पंखा लावला की नुसती उचल.

उचल किती, हे काढायला सोपं आहे. प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करून १२ ने भागा, कारण बॅटरी १२ व्होल्टची असते. दोन दिवे १० वॅटचे, एक पंखा २० वॅटचा, दोन मोबाईल मिळून २०. झाले ६० वॅट. भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. सहा तासांत ३०. आता बॅटरीवर बघा, तिथे एएच म्हणून आकडा असतो. छोट्या गाडीला साधारण ३५-४० असतो. चाळीसमधून तीस गेले! आणि गाडीची बॅटरी निम्म्याखाली उतरवायचीच नाही. गाडी सुरू व्हायला तर अडचण येतेच, शिवाय वारंवार असं झालं की बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणजे या गाडीवर हा भार तीन-चार तासांच्या वर चालणार नाही. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी.

नुसते दोन मोबाईल लावले तर काळजी नाही. भाजीच्या रसासाठी मिक्सर लावू का, असं एका ताईने विचारलं होतं. ५०० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर चालवला तर ४० अँपिअरच्या वर ओढतो. त्या सॉकेटवर नाहीच चालणार.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. "१२ व्होल्टच आहे, शॉक लागत नाही," असं सगळे म्हणतात. शॉक लागत नाही, हे खरं. पण आग लागते. वायरचं आवरण कुठे घासलं आणि आतली तार गाडीच्या पत्र्याला टेकली, की बॅटरी सगळा जोर एकदम त्या वायरीत सोडते. वायर लाल होऊन पेटते. चावी काढलेली असली तरीही, कारण हे सॉकेट चावीला विचारतच नाही.

म्हणून फ्यूज लागतो. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. सॉकेटजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली ना! त्या गाडीत मी स्वतः वाकून पाहिलं, फ्यूज नव्हताच. फ्यूज मोबाईल वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरला १० अँपिअरचा फ्यूज आपल्या कामाला पुरतो. पात्यासारख्या फ्यूजमध्ये १० चा रंग लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. लाल उडाला म्हणून पिवळा लावायचा नाही, आणि तांब्याची तार गुंडाळायची तर मुळीच नाही. उडाला याचा अर्थ कुठेतरी काहीतरी बिघडलंय.

काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण दोघीजणी समोर उभ्या राहा. आधी बॅटरीचं मायनस काढतोय का, आणि शेवटी जोडतोय का? पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराची बुशी घातली का? वायर सायलेन्सरपासून लांब आहे का? सॉकेटला झाकण आणि वेगळं बटण आहे का? बटण नसेल तर चार्जरचा तो इवलासा दिवासुद्धा रात्रंदिवस बॅटरी खातो, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर तेवढ्यानेही ती उतरू शकते. गाडी वॉरंटीत किंवा सीएनजीवर असेल तर वायरीला हात लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

त्या गटाने आता फ्यूज आणि बटण बसवून घेतलंय. सोबत सॉकेटमध्ये खोचायचा व्होल्टचा छोटा मीटरही घेतला. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ झालं की पंखा बंद आणि दिवा एकच, असं त्यांनी ठरवलंय. दिवसभराच्या बाजाराला घरी चार्ज केलेले दिवे नेतात. गेल्या बाजाराला त्या दोघीही आल्या होत्या, आठच्या आत घरी पोहोचल्या.

पुढच्या मासिक बैठकीला मी लाल, निळा, पिवळा असे तिन्ही फ्यूज आणि एक उडालेला फ्यूज घेऊन येते. ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी आपल्या बॅटरीवरचा एएचचा आकडा लिहून आणा, हिशोब तिथेच मांडू.