बाराखडी तोंडपाठ, तरी वाचता येईना! वाचन शिकवणाऱ्या ताई-दादांनी काय करायचं?

चौथीतलं पोर 'क का कि की' चालीवर धडाधड म्हणतं. पण तक्त्यावर मधल्याच 'कु'वर बोट ठेवलं, की गप्प. शाळेत मदत करणाऱ्या किंवा संध्याकाळी मंदिरात, समाजमंदिरात मुलांना वाचायला बसवणाऱ्या ताई-दादांना हे काही नवं नाही. यावरचा एक उपाय मुंबईच्या वस्त्यांमधून आला आहे.

घाटकोपर काय, मुलुंड, अंधेरी, बोरिवली काय, वस्त्यांमधली कितीतरी मुलं महापालिकेच्या शाळेत जातात. 'प्रथम' ही संस्था १९९५ च्या सुमारास मुंबईतच बालवाड्यांपासून सुरू झाली. पुढे तिने 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीत मागे पडलेली १५ ते २० मुलं ती शाळेच्या वेळेतच रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात याची पाहणी केली, तेव्हा मुलांचे गुण वाढलेले दिसले. याच दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

यातून पुढे आलेली पद्धत साधी आहे. आधी प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून पाहायचं: अक्षर येतं, शब्द येतो, चार ओळींचा परिच्छेद येतो की गोष्ट वाचता येते? मग इयत्ता विसरून त्या पातळीचे गट करायचे. पाचवीतला मुलगा अक्षरांच्या गटात बसला तर बसू द्या, फक्त त्याला कुणी चिडवणार नाही हे बघा.

गोष्ट आधी ताईने शब्दाखाली बोट फिरवत वाचायची, मग मुलांनी. त्यावर गप्पा मारायच्या. बाराखडीचा तक्ता रोज घ्यायचा, पण कधी आडवा, कधी उभा, कधी मधूनच. घ-ध, भ-म यांत गडबड होते, तिथे दोन्ही अक्षरं शेजारी लिहून दाखवा. जोडाक्षरांची घाई नको.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो 'माझ्यामागून म्हणा' यात. एक हुशार मुलगी वाचते आणि बाकीचे सूर धरतात. ऐकायला छान वाटतं, पण वाचतंय कोण? दुसरी सवय म्हणजे मूल अडखळलं की लगेच शब्द सांगून टाकणं. थोडं थांबा, पहिलं अक्षर विचारा. बऱ्याचदा पुढचं ते स्वतःच जुळवतं.

आता मुद्दा प्रशिक्षणाचा. बालसखींना सुरुवातीला दोन आठवडे शिकवलं जायचं आणि वर्षभर मदतही चालू असायची. बिहारमध्ये शिक्षकांना नुसतं साहित्य देऊन पाहिलं, फरक पडला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये पर्यवेक्षकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना या पद्धतीने शिकवलं, मग ते शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना मदत करू लागले. रोजचा एक तास याच कामाला राखून ठेवला होता. तिथे मुलांची भाषा सुधारली.

म्हणजे गावातल्या ताईला एक दिवसाचं शिबिर आणि पुस्तकांचा गठ्ठा देऊन भागणार नाही. तिच्या शेजारी बसून तासभर तिचं शिकवणं पाहणारं कुणीतरी हवं, मग ते मुख्याध्यापक असोत नाहीतर केंद्रप्रमुख. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढंच विचारावं: ताईंचा वर्ग बघायला शेवटचं कोण आणि कधी आलं होतं?