जोडी जमवताना

प्रीअँप आणि पॉवर अँप दोन्ही उत्तम असले, तरी जोडी उत्तम जमेलच असं नाही. पहिली गोष्ट इम्पिडन्स. पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स प्रीअँपच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दहापट हवा. व्हॉल्व्हचा प्रीअँप घेणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं. त्याच्या आउटपुटला बहुधा कपॅसिटर असतो. तो ०.२२ मायक्रोफॅरडचा असेल आणि पुढे १ लाख ओहमचा पॉवर अँप असेल, तर खालचे सूर ७ हर्ट्झपर्यंत शाबूत राहतात. तोच प्रीअँप १० हजार ओहमच्या ट्रान्झिस्टर अँपला जोडला, की ६५-७० हर्ट्झलाच शक्ती निम्मी होते. डग्ग्याची घुमार विरते आणि दोष मात्र बिचाऱ्या स्पीकरवर जातो!

दुसरी गोष्ट गेन. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायला सुमारे २८ व्होल्ट लागतात. पॉवर अँप व्होल्टेज २० पट वाढवत असेल, तर त्याला १.४ व्होल्ट पुरतात, आणि सीडी प्लेअर मुळातच २ व्होल्टपर्यंत देतो. मधल्या प्रीअँपने ते आणखी दहापट केले, तर व्हॉल्यूमचं बटण जेमतेम हलवताच घर दणाणतं, शांत जागी खरखर ऐकू येते. माझ्या मते, विकत घेताना वॉटआधी गेनचा आकडा विचारावा.

सुरू करताना प्रीअँप आधी. बंद करताना पॉवर अँप आधी. नाहीतर प्रीअँपचा ‘धप्प’ थेट स्पीकरपर्यंत पोहोचतो.