तुरा खुडण्याचे कष्ट वाचले, पण...

पावसाळ्यात कणीस भाजण्याआधी त्याचे रेशमी केस आपण सोलून केरात टाकतो. पण त्यातला एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची वाट, बरं का! झाडाच्या शेंड्यावर तुरा असतो. त्यातले पराग या केसावर पडले, की दाणा धरतो.

संकरित बियाणे करायचे तर आई म्हणून निवडलेल्या झाडांचे तुरे उमलण्याआधीच खुडावे लागतात. अमेरिकेत हे काम उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी मुलं-मुली करीत. पुढे टेक्सासमध्ये असा मका सापडला, की त्याच्या तुऱ्यात पराग धरतच नाहीत. केवढी मजुरी वाचली! (इथे वांझपण पुरुषपक्षाचे, हे जाता जाता सांगायला हवे.) हा गुण मात्र येतो आईकडून. १९७० पर्यंत तिथल्या मक्यापैकी पाचांत चार हिश्श्यांहून अधिक पिकाचे हे एकच माहेर झाले होते.

त्याच वर्षी फ्लोरिडाकडून करपा उत्तरेला सरकू लागला. हा रोग जुनाच. पण या वेळच्या बुरशीजवळ नवे विष होते.

पेशीत काय घडले पाहा. प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या चिमुकल्या चुली असतात. साखर जाळून त्या पेशीला शक्ती पुरवतात. मक्यात त्याही आईकडूनच येतात. टेक्सासच्या मक्यात या चुलींच्या आतल्या पडद्यात एक जादा प्रथिन होते. विष त्याला चिकटले, की पडद्याला भोके पडायची आणि काही मिनिटांतच चूल फुगून निकामी व्हायची. डब्यात साखर भरलेली, पण चूलच विझलेली! पेशी मरे आणि बुरशी तिच्यावर ताव मारी. पाने करपली, कणसांवर काळपट बुरशी चढली. शेजारच्या साध्या मक्यात ते प्रथिनच नाही. त्याला हे विष बाधत नसे.

त्या साली अमेरिकेतला सुमारे १५ टक्के मका बुडाला. दक्षिणेत काही शेतांत तर काहीच हाती लागले नाही.

‘मग ते प्रथिनच काढून टाकावे,’ असे तुम्ही म्हणाल. मेख तिथेच आहे. तुरा वांझ करणारे आणि विषाला दार उघडणारे प्रथिन एकच, हे १९८० नंतरच्या दशकात उलगडले. ज्या रोपांतून ते गेले ती विषाला पुरून उरली खरी, पण त्यांच्या तुऱ्यांत पुन्हा पराग आले!

शेतकऱ्यांना एवढे थांबायला सवड कुठली? बियाणेवाल्यांनी लगबगीने साधा मका हाताशी धरला, आणि १९७१ च्या उन्हाळ्यात मुलं-मुली पुन्हा तुरे खुडायला शेतात उतरली.