विश्लेषण : ब्रिटिश राजघराण्याचे ‘विंडसर’ हे आडनाव आले कुठून?

‘विंडसर’ हे आडनाव शतकानुशतकांचे वाटते. प्रत्यक्षात ते १७ जुलै १९१७ रोजी राजे पाचवे जॉर्ज यांनी जाहीरनामा काढून घेतले. त्याआधी घराण्याचे नाव होते सॅक्स-कोबर्ग-गोथा. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांच्याकडून आलेले, अस्सल जर्मन.

बदल का करावा लागला?
पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जर्मन नाव मिरवणे धोक्याचे झाले होते. १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले. १६२ जण दगावले. पॉप्लर भागातील एका शाळेची १८ मुलेही त्यात होती. या विमानांचे नाव ‘गोथा’! राजाचे आणि बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे नाव एकच, ही नामुष्की परवडणारी नव्हती. त्यातच मार्चमध्ये रशियाच्या झारला, म्हणजे जॉर्ज यांच्या मावसभावाला, सिंहासन सोडावे लागले होते. अखेर खासगी सचिव लॉर्ड स्टॅम्फर्डहॅम यांनी विंडसर किल्ल्याचे नाव सुचवले.

माउंटबॅटन हे नाव कसे पडले?
राजाचे नातलग बॅटनबर्ग यांनीही नाव बदलले. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर, त्याचे इंग्रजी करून ‘माउंटबॅटन’. यातील प्रिन्स लुई यांना जर्मन मूळ असल्यामुळे १९१४ मध्येच ‘फर्स्ट सी लॉर्ड’ हे नौदलातील सर्वोच्च पद सोडावे लागले होते. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजेच भारताचे अखेरचे व्हाइसरॉय. दुसऱ्या एलिझाबेथ यांचे पती फिलिप हे याच घराचे भाचे. त्यामुळे १९६० मध्ये राणीने काही वंशजांसाठी ‘माउंटबॅटन-विंडसर’ हे जोडआडनाव ठरवले.